सगुणाची हाक कुणी ऐकली

लाटंबार्से
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय पारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही, ठाऊक नाही. नववीत तूच म्हणायचीस, विनूचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्रेपन्न वर्षांत रांग जरा वाकडी झाली आहे, एवढंच. तुझा पत्ता शीतलनं दिला. दोडामार्गच्या बाजारात तिच्या दुकानी भाजी घेताना भेटली, आणि ती तुझी सून हे मला दोडकी पिशवीत पडल्यावर कळलं. तिच्यावर रागावू नकोस. मी मास्तरणीच्या आवाजात विचारलं, ती बिचारी घाबरून सांगून बसली.

निमित्त असं, की गणेशमास्तरांच्या 'शीवेवरचे तिघे'वर चित्रपट निघालाय. म्हापशाला जाऊन दुपारचा खेळ पाहून आले. तू पाहू नयेस असं मला वाटतं, म्हणून मीच सांगते पुस्तकात काय आणि पडद्यावर काय. आधी कथानक सांगितल्याशिवाय मला रसग्रहण जमत नाही, ही जुनी खोड, तेव्हा सोस.

पुस्तकात पोर्तुगीज अमलातल्या नाकेबंदीचा काळ आहे. गोव्यात कांदाबटाटा मिळेना, म्हणून आपल्या गावचे तिघे सरहद्द ओलांडून दोडामार्गकडून पोती आणायचे. वाटाड्या तुझे वडील भिकाजी, ओझ्याला माझे बाबा, म्हणजे बाबली, आणि सगुण. मास्तरांनी नावं बदलली होती, पण गावाला ओळखायला एक दुपारसुद्धा लागली नाही. त्यांची वेळ भर दुपारची, कारण चौकीवरचे पहारेकरी जेवून आडवे व्हायचे. एका दुपारी मात्र एक जण जागा होता. ओहळाजवळ सगुणाच्या मांडीत गोळी लागली. पुस्तक म्हणतं, वाटाड्या त्याला टाकून पळाला, आणि 'मी', म्हणजे मास्तरांना ही गोष्ट सांगणारे माझे बाबा, त्याचं डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगुणाला खांद्यावरून गावात आणलं.

आता चित्रपट. भर दुपार त्यांनी काढून रात्र घातली आहे, निळी निळी. आपल्या ओहळाचा धबधबा केलाय. पोती बटाट्याची, पण नट ती अशी उचलतात की आत सावरीचा कापूस असावा. पहारेकऱ्यांच्या कप्तानाला घोडा दिलाय. इथल्या चढावर घोडा चार पावलं चालला असता तर मी माझं पेन्शन त्याला दिलं असतं. बाबांना एक प्रेयसीही दिली आहे. आमच्या आईला हे कळलं असतं तर बाबांचं जेवण बंद झालं असतं.

तुझ्या वडिलांचं काम करणारा मुलगा देखणा आहे. पुस्तकात त्यांना 'कोल्ह्याच्या डोळ्यांचा' म्हटलंय, ते मला कधीच पटलं नव्हतं. भिकाजीकाकांचे डोळे मला आठवतात. आपण दोघी आंबाडे चोरायचो तेव्हा ते पाठ करून उभे राहायचे, आपल्याला पाहिलं नाही असं दाखवायला.

पारू, नववीच्या वर्गात ते प्रकरण मी मोठ्यानं वाचलं. सरांनी सांगितलं म्हणून वाचलं, पण मला वाचायला आवडत होतं, हेही खरं. तू माझ्याच बाकावर होतीस. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस, आणि दिवाळीआधी तुमचं घर शीवेपलीकडे गेलं.

येत्या दहा नोव्हेंबरला देवळाच्या मंडपात चित्रपट दाखवणार आहेत. बाबांच्या तसबिरीला हार, आणि मी दोन शब्द बोलायचे. तुला कळवावंसं वाटलं. का, ते विचारू नकोस.

इकडे बाकी ठीक. दुपारी रेडिओ लावून ठेवते. घर फार शांत असलं की कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. वयाचं असेल.

तुझी
विनिता

लाटंबार्से
२१ ऑक्टोबर

प्रिय पारू,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी पायरीवर जाऊन उभी राहते आणि तो माझ्याकडे न बघता पुढे जातो.

गेल्या पत्रात एक गोष्ट सांगायची टाळली. चित्रपटाच्या माणसांना भाषा शिकवायला मीच होते. जानेवारीत दिग्दर्शिका आली, सेजल म्हणून, पणजीची मुलगी. तिशीची असेल. मास्तरांचं पुस्तक तिनं इतकं वाचलं होतं की पानं फुगली होती. नटांना मी आपली बोली शिकवली. मुंबईच्या त्या मुलांच्या तोंडी 'जाऊ नका'च्या जागी 'वचूं नाका' बसवताना माझा घसा बसला.

एक दिवस ती आमच्या दारापुढच्या बल्कावावर बसली, पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "टीचर, हांगा माका एक कळना."

ते सगुणाच्या हाकेचं पान होतं. तुला ते पाठ असणार, मला तर आहेच. खरी नावं घालून लिहायचं तर, सगुण आधी म्हणतो, 'भिकाजी रे, सोडून वचूं नाका.' मग नुसतं 'भिकाजी रे'. मग नुसतं 'रे'. मग तेही ऐकू येत नाही, फक्त काजूच्या पानांचा आवाज येतो. चाळीस वर्षं मी हा उतारा शिकवला. करुणरसाचं उदाहरण म्हणून शिकवला.

सेजल म्हणाली, "सांगता तो 'मी' सगुणाच्या उशाकडेन बसला न्हय? मागीर हाक ल्हान कशी जाता? कॅमेरा खंय दवरूं हांव?"

मी म्हटलं, "अगं, माणूस मरतोय, आवाज क्षीण होणारच."

तिनं पुस्तक मिटलं. सगुणाचं काम करणाऱ्या नटाला तिनं आमच्या काजूत नेऊन निजवलं आणि मला त्याच्या उशाशी बसवलं. भर दुपार होती. तो दमत दमत, मरत मरत ओरडला. जवळून ऐकलं तर आवाज बारीक झाला तरी प्रत्येक शब्द कळत होता, श्वाससुद्धा कळत होता. मग सेजल म्हणाली, "आतां टीचर, तुमी चलत रावात. फाटीं पळोवं नाकात." आणि त्याला सांगितलं, आवाज तितकाच ठेव.

मी मागे न बघता चालत राहिले. जुन्या दगडी गडग्यापर्यंत आधी पूर्ण हाक ऐकू आली. वळणाशी नुसतं नाव. उतारावर 'रे'. पुढे ओहळाच्या खड्यांवर माझ्या चपलांचा आवाज, आणि वर पानं. पुस्तकात ज्या क्रमानं आहे त्याच क्रमानं, पारू. मास्तरांच्या एका शब्दाचाही फरक नाही.

मी परत आले तेव्हा सेजलनं विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, लेखकाची चूक आहे, मास्तर घाईत असतील. ती हसली. "इतली बरी चूक कोण करना, टीचर," म्हणाली.

चित्रपटात तिनं कॅमेरा पळणाऱ्याबरोबर पळवला आहे. त्याची पाठ दिसते, आणि मागून ती हाक लहान लहान होत जाते. थिएटरात माझ्या शेजारची बाई रडत होती. घोडा, धबधबा, प्रेयसी, सगळं माफ करावं असा तो एकच तुकडा आहे. पुस्तक जे आपल्या पोटात दडवून बसलं होतं, ते त्या पोरीनं नुसतं कॅमेरा कुठे ठेवायचा या अडचणीतून बाहेर ओढलं.

एवढंच लिहायचं होतं. पुढचं तुला कळेल. तू माझ्यापेक्षा हुशार होतीस.

विनिता

लाटंबार्से
४ नोव्हेंबर

प्रिय पारू,

दिवाळीत टपाल थांबलं म्हणून थांबले. खरं तर हिंमत नव्हती. आज सरळ लिहिते.

पळाले ते माझे बाबा. सगुणाजवळ बसले ते तुझे वडील. सगुणानं 'बाबली रे' अशी हाक मारली होती. बाबांनी ती पाठमोरं ऐकली, आणि पुढे मास्तरांना गोष्ट सांगताना नाव बदललं. पण ऐकलेलं त्यांना बदलता आलं नाही.

बाकीचं मी जुळवून पाहिलं. सगुण संध्याकाळपर्यंत गेला असेल. भिकाजीकाकांनी त्याला पाठीवर घेऊन शीवेवरच्या राखणदाराच्या दगडापर्यंत आणलं. तेवढ्यात गस्त आली असणार, म्हणून त्याला तिथे ठेवून ते पलीकडच्या रानात शिरले. सकाळी बाबा बिचकत परत गेले तर दगडापाशी सगुण. त्यांनी उचलला आणि गावात आणला. गावानं पाहिलं ते एवढंच, बाबलीच्या खांद्यावर सगुण. तुझे वडील तीन दिवसांनी आले, एक शब्द न बोलता. गावानं काय ते ठरवून टाकलं.

ते बोलले का नाहीत, हे तुझ्या आईनं किती वेळा विचारलं असेल! मला वाटतं मला ठाऊक आहे. हे तिघे शीव ओलांडायच्या आधी राखणदारासमोर पानविडा ठेवून शब्द द्यायचे, दगडापलीकडे जे घडेल ते अलीकडे बोलायचं नाही. धरला गेला तर दुसऱ्याचं नाव तोंडातून निघू नये म्हणून. काम गेलं, सरकार गेलं, चौकीची भिंत पडली, तरी भिकाजीकाकांनी तो शब्द पाळला. माझ्या बाबांनी तोच शब्द मोडला, आणि तोही उलटा करून.

आणि बक्षीस म्हणून गावानं काय केलं? राखणदाराच्या नैवेद्याचा पहिला रोट तुमच्या घरचा असायचा, पिढ्यान्‌पिढ्या वाटाड्यांचं घर म्हणून. पुस्तक आलं आणि तो मान आमच्या घराला दिला. दर वर्षी तो रोट मी माझ्या हातानं थापला आहे. गौरेश, माझा धाकटा भाऊ, डोक्यावरून नेतो आणि सगळे बाजूला होऊन वाट देतात.

गौरेशला मी परवा सांगितलं. तो काजूच्या बागेतून आला होता, हातात कोयता तसाच. म्हणाला, "ताय, मेल्ल्या बापायक आनी कित्याक मारता?"

मी म्हटलं, "आणि जे जिवंतपणी मेले त्यांचं काय?"

त्याच्या बायकोनं, प्राजक्तानं, त्याच्यासाठी वाढलेलं ताट तसंच उचलून आत नेलं. तेव्हापासून दोघं माझ्याशी बोलत नाहीत. चहा मात्र दाराबाहेर ठेवतात.

पारू, मला हे त्या दिवशी म्हापशाच्या थिएटरात कळलं. काळोखात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. त्याआधी मी खरोखरच ते पान करुणरसाचं म्हणून शिकवत होते. आता कळल्यावर गप्प राहणं मला शक्य नाही. दहा तारखेला मंडपात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू ये. नाही आलीस तरी सांगणार आहे. पहिला रोट तुमच्या घरचा, हे मी त्यांच्याकडून वदवून घेईन.

दुपारी रेडिओ लावला तरी आता उपयोग होत नाही. बातम्यांच्या मधल्या जागेत ऐकू येतं.

विनिता

लाटंबार्से
११ नोव्हेंबर

पारू,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पोस्टमननं ते उलटंसुलटं वाचून मग माझ्या हातात दिलं. वाचायला होतंच किती? 'तुला हे कधी कळलं?' नमस्कार नाही, सही नाही. अक्षर तुझंच, अजून तसंच ताठ.

दोन दिवस मी ते जनेलाच्या गजांत खोचून ठेवलं. कालचा कार्यक्रम होऊ दे, मग उत्तर देईन, असं स्वतःला सांगत राहिले.

काल मी बोलले. मंडप भरला होता. बाबांच्या तसबिरीला हार घालून झाला होता. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं: हाक, गडगा, दगड, पानविडा. मधे गौरेश उठून गेला. मला वाटलं होतं लोक दगड मारतील, निदान माईक तरी काढून घेतील. तसं काही झालं नाही. मग म्हातारा कृष्णनाथ उठला. तुला आठवत असेल, आपल्याला कैऱ्या द्यायचा तो. काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "भिकाजी आमच्या दारासून वतालो, आनी आमी दार लायताले. पापी आमी." तो रडला, मग पुष्कळ जण रडले. तिथल्या तिथे ठरलं, येत्या रोटाला पहिला मान भिकाजीच्या घराचा. तुला रीतसर निरोप येईल. सेजल आली होती, ती म्हणाली चित्रपटाच्या शेवटी दोन ओळी घालीन, भिकाजीकाकांच्या खऱ्या नावानं.

मग काय झालं ते ऐक. देवळाच्या कमिटीनं बाबांसाठी आणलेली शाल माझ्या खांद्यावर घातली. बापाविरुद्ध खरं बोलणारी लेक, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. पुष्कळ वेळ पडल्या. बायका पाया पडायला आल्या. आणि मी ती शाल घेतली, पारू. सगुणाला खांद्यावरून आणताना बाबांना कसं वाटलं असेल, ते मला काल कळलं. माणसं इतक्या मायेनं बघत असतात की खरं सांगायची जागाच उरत नाही.

तेव्हा आता तुझ्या कार्डाचं उत्तर. थिएटरात मला काही कळलं नाही. मला एकवीस वर्षांपासून माहीत आहे.

बाबा २००३ च्या मार्चात गेले. शेवटचे चार दिवस दुपार झाली की त्यांना घाम सुटायचा. उशीवरून मान उचलून म्हणायचे, "आयलों रे सगुणा. आयलों." पहिल्या दिवशी मी वात समजले. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून त्यांनी सगळं सांगितलं, पूर्ण शुद्धीत, गोष्ट सांगावी तसं. ओहळ, हाक, आपण कसे पळालो, दगडापाशी सगुण कसा नीट निजवलेला होता, कुणीतरी त्याचे डोळे मिटून तोंडावर कांबळ्याचं टोक घातलं होतं. 'ते कांबळं भिकाजीचं,' म्हणाले. शेवटी म्हणाले, भिकाजीच्या घरच्यांना सांग. मी हो म्हटलं. मरत्या माणसाला दिलेला शब्द, पण दिला होता.

सेजलनं जानेवारीत ते पान उघडलं तेव्हा मी घाबरले ते म्हणूनच. लेखकाची चूक म्हणाले तेही म्हणूनच. आणि तुला ती सगळी रसग्रहणं लिहिली, की शोध चित्रपटानं लावला असं दिसावं, आणि मला कधीपासून माहीत ते कुणी विचारू नये. तू नेमकं तेच विचारलंस.

याहून वाईट गोष्ट अजून आहे, आणि तिचा अर्धा भाग तुला माहीत असणार. म्हणूनच तू विचारलंस ना?

बाबांच्या बाराव्याला गंगाकाकी आली होती, तुझी आई. बत्तीस वर्षांनी तिनं आमच्या दारात पाय ठेवला. दोडामार्गहून अर्धी वाट चालत आली होती. जेवायला बसली नाही. पंगत चालू होती, पुरुष मोठमोठ्यानं बाबांच्या शौर्याच्या गोष्टी सांगत होते. तिनं मला मागल्या दारी बोलावलं आणि हळूच विचारलं, "विनू, बाबली वतना कितें उलयलो गो? आमच्या घरच्याचें नांव तरी काडलें?"

भिकाजीकाका तेव्हा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तिला दुसरं काहीच नको होतं. जाताना बाबांनी भिकाजीकाकांचं नाव काढलं, एवढं एक वाक्य हवं होतं, आणि ते माझ्या तोंडात तयार होतं. त्या दिवसांत गौरेशच्या लग्नाची बोलणी चालली होती, माझ्या हेडमिस्ट्रेस होण्याचं पत्र आलं होतं, पंगतीतले चार जण मागे वळून बघत होते. ही कारणं मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मी कारणंसुद्धा शोधली नाहीत. मी म्हटलं, "ना काकी. कांयच उलयले नात."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, पारू. मी आयुष्यभर मुलांच्या तोंडावरून खोटं ओळखलं आहे, मला ती नजर कळते. पण ती भांडली नाही. म्हणाली, "बरें बाय. हांव अशीच विचारूंक आयिल्ली." पदर सारखा केला आणि उतरली.

त्यानंतर ती आठ वर्षं जगली. आठ वर्षांत दोडामार्गला मी कितीदा आले असेन. शीतलच्या दुकानासमोरून गेले असेन.

बाबांनी ओहळाशी जे केलं ते भीतीनं केलं, गोळ्या सुटत होत्या. माझ्या मागे कुणीही लागलेलं नव्हतं. म्हणून तुझ्याकडे माफी मागत नाही, आणि तू देऊही नकोस. या पत्राची एक प्रत मी आज सकाळी कमिटीच्या अध्यक्षांना दिली आहे, शालीच्या घडीत ठेवून. त्यांनी ती मंडपात वाचावी असं वर लिहिलंय. न वाचली तर तू वाच. रोट घेऊन येशील तेव्हा, दगडापाशी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाच. मी पुढच्या रांगेत बसेन.

गंगाकाकी गेली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बसला दीड तास होता. मार्च महिना, रस्त्यावर पान हलत नव्हतं, आणि तिनं सकाळपासून काही घेतलेलं नव्हतं. मी दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघितलं, आणि तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

विनिता